आधी मीटर की आधी बिस्सी?

पदवीच्या मुलांना आता दोन क्रेडिटचं फील्ड प्रोजेक्ट करावं लागतं, म्हणजे माणशी ६० तासांचं काम. अनेक ठिकाणी त्याची वाटणी पहिल्याच दिवशी होते. दोघांनी प्रश्नावली भरून आणायची, दोघांनी मुलाखती घ्यायच्या, एकाने फोटो काढायचे, एकाने टाइप करायचं आणि शेवटच्या आठवड्यात सगळे कागद एका फायलीत लावायचे. मुखपृष्ठावर लिहायचं, ‘बहुपद्धतीय अभ्यास’. ही वाटणी मुलांचं नुकसान करते असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी कामाचा वेळ मोडून माहिती दिली त्यांचं नुकसान तर त्याहून मोठं. यंत्रमागांच्या भिवंडीत हे फार जाणवतं, कारण या शहरात कुठलीही एकच पद्धत घेऊन गेलं की अर्धी माणसं हातातून निसटतात, आणि चार पद्धती नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्या तरीही निसटतातच.

खालचा संवाद मी रचलेला आहे. सर संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मॅडम एकेकाळी त्यांच्या वर्गात बसलेल्या, आता समाजशास्त्र शिकवतात. गटात आठ मुलंमुली आहेत, कोणी मराठी घरातलं, कोणी उर्दू, कोणी पद्मानगरच्या तेलुगू घरातलं. विषय असा, की यंत्रमागाच्या आवाजाचा कामगारांच्या कानांवर काय परिणाम होतो.

सर: तुझा आराखडा वाचला. प्रश्नावली, मुलाखती, आवाजाची मोजणी, निरीक्षण, गटचर्चा, जुने कागद. आठ मुलं आणि सहा पद्धती! अगं, यातलं एकही काम धड होणार नाही.

मॅडम: एकच ठेवायची तर कोणती ठेवू, सर?

सर: आवाजाची मोजणी. दहा कारखाने घे, प्रत्येकात पाच जागा, दिवसपाळी आणि रात्रपाळी. शटलचे माग चालू असलेल्या खोलीत ९५ ते १०० डेसिबल आवाज ही नेहमीची गोष्ट आहे. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांसाठी ९०ची मर्यादा आहे आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९५ला चार तास, १००ला दोन. इथली पाळी बारा तासांची. त्याच सूत्राने बारा तासांसाठी मर्यादा ८७च्या आसपास उतरते. एवढंच मुलांनी चोख मोजून मांडलं तरी पुरे.

मॅडम: पण त्यातून काय कळलं? खोलीत आवाज फार आहे, एवढंच. ते गल्लीतून जाणाऱ्यालाही कळतं. आपला प्रश्न माणसाच्या कानाचा आहे.

सर: मग प्रश्नावली घे. दोनशे कामगार निवड, पण यादृच्छिक निवड. भेटेल त्याला विचारलं, असं चालणार नाही.

मॅडम: निवडायचे कुठल्या यादीतून? मतदारयादी घेतली तर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा, तेलंगणातून आलेल्या बहुतेकांचं नाव गावाकडच्या यादीत. घरांची यादी घेतली तर एकाच खोलीत दिवसपाळीवाले आणि रात्रपाळीवाले आळीपाळीने झोपतात, काही जण मागाशेजारीच अंग टाकतात. कारखान्याचं हजेरीपत्रक म्हणाल, तर मीटरवर मजुरी घेणाऱ्याची नोंद असेलच असं नाही. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती आणि पुरुष बायकांपेक्षा लाखभराने जास्त. हे जास्तीचे पुरुष राहतात कुठे, ते घराच्या दारावरची पाटी वाचून कळत नाही. माणसांचं सोडा, भिवंडीत माग किती आहेत यावर तरी एकमत आहे का? कोणी चार लाख म्हणतं, कोणी सहा, कोणी दहा.

सर: यादी नसेल तर ती तयार करणं हाच संशोधनाचा पहिला भाग. अख्खं शहर कशाला घेतेस? शांतीनगरची एखादी गल्ली घे, पद्मानगरची एखादी, नारपोलीची एखादी. चालत जा आणि प्रत्येक दार मोज. वीजपुरवठा जानेवारी २००७पासून टोरंट पॉवरकडे आहे. यंत्रमागाच्या जोडण्या विभागवार किती, ते लेखी विचार. दाराचा आकडा आणि जोडणीचा आकडा जुळला नाही, तर का जुळला नाही ते शोध. हे कामगार जेवतात कुठे?

मॅडम: बिस्सीत.

सर: बिस्सी चालवणाऱ्याकडे वही असणारच. रोज किती ताटं होतात, कोणाचा हिशेब कधी चुकता होतो. तीच तुझी यादी!

ज्या सरांना फक्त आवाजाची मोजणी ठेवायची होती, त्यांनाच नमुन्याची यादी शोधताना बिस्सीपर्यंत, म्हणजे कामगारांच्या खानावळीपर्यंत जावं लागलं. तिथली वही संख्याशास्त्राच्या उपयोगाची आहे, पण ती कोणी दाखवेल ते आधी चार दिवस तिथे बसणाऱ्यालाच. फॉर्म घेऊन अचानक उभ्या राहिलेल्या मुलाला नाव-गाव सांगायला इथली माणसं का कचरतात, हे १९७० आणि १९८४च्या दंगली पाहिलेल्या शहरात वेगळं सांगायला नको.

मॅडम: म्हणून म्हणते, आधी बिस्सी. दोन आठवडे नुसतं ऐकायचं. प्रश्नावलीतले प्रश्न तिथून निघतील. आपण ‘तुम्हाला कमी ऐकू येतं का’ असं विचारणार आणि तो ‘नाही’ म्हणणार.

सर: म्हणणारच, आणि खोटंही बोलत नसणार. आवाजाने कान जातो तो आधी ४,००० हर्ट्‌झच्या आसपास जातो. साधं बोलणं बरंचसं त्याच्या खालच्या पट्टीत असतं. स, फ यांसारखी अक्षरं पुसट होतात, बाकी ऐकू येतं. माणसाला वाटतं, समोरचाच पुटपुटतो आहे. वर्षानुवर्षं कळत नाही. म्हणून तुझ्या मुलाखतींवर माझा भरवसा नाही. ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, तो सांगणार काय?

मॅडम: तो नाही सांगणार, त्याची बायको सांगेल. गावाकडे फोनवर हा किती ओरडून बोलतो, ते तिला माहीत असतं. चहाच्या टपरीवर दोन कारागीर किती जवळ उभे राहून बोलतात, फोनचा आवाज कुठल्या टप्प्यावर ठेवतात, मागून हाक मारली तर वळतात का, हे डोळ्यांनी दिसतं, सर. मुलांना मारिएनथालचं सांगणार आहे मी.

सर: सांग, जरूर सांग. पण अर्धं सांगू नकोस.

मारिएनथाल हे व्हिएन्नाजवळचं कापड गिरणीचं गाव. १९२९ ते १९३० या काळात तिथली गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड, हान्स त्साइझेल आणि त्यांचे सोबती १९३१च्या शेवटी तिथे गेले. विशी-तिशीतली माणसं ती. त्यांनी घराघराची नोंद ठेवली, लोकांना दिवसभराचा वेळ तासागणिक लिहायला लावला, वाचनालयातून पुस्तकं किती जातात ते तपासलं, शाळेतल्या मुलांकडून नाताळच्या इच्छांवर निबंध लिहून घेतले. भत्ता मिळण्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या डब्यात काय असतं ते पाहिलं. आदल्या दिवशी निम्म्या मुलांकडे कोरडा पाव किंवा काहीच नाही, दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळ्यांचा डबा भरलेला. खिडकीत बसून, हातात घड्याळ घेऊन, रस्त्यावरून जाणारे पुरुष किती वेळा थांबतात आणि बायका किती भरभर चालतात, तेही मोजलं. बेकारीने माणूस पेटून उठतो असा तेव्हा अनेकांचा समज होता. या नोंदींनी दाखवलं की तो विझत जातो. पुस्तक १९३३ साली निघालं. आणखी एक नियम त्यांनी पाळला. नुसता बघ्या म्हणून गावात कोणीही वावरायचं नाही, प्रत्येकाने गावाला उपयोगी पडेल असं काही काम हाती घ्यायचं. त्यांनी जुने कपडे गोळा करून वाटले, त्या निमित्ताने घरात शिरता आलं.

सर: आता उरलेलं अर्धं. तो लाझार्सफेल्ड गणितातला डॉक्टर होता. खिडकीत बसून त्यांनी ‘पुरुष रेंगाळतात’ असं लिहून सोडलं नाही, थांबे मोजले. आणि बायकांशी तुलना केली. तुझ्या आराखड्यात तुलना कुठे आहे? टपरीवरचे कारागीर जवळ उभे राहून बोलतात म्हणतेस. टपरीवर सगळेच जवळ उभे राहतात, तिथे जागाच नसते! माग न चालवणारा, त्याच वयाचा, त्याच जिल्ह्यातून आलेला, तेवढंच कष्टाचं काम करणारा माणूस शेजारी उभा केल्याशिवाय तुझं निरीक्षण म्हणजे नुसती हकिगत.

मॅडम: असा माणूस कुठे मिळणार?

सर: भिवंडीत विचारतेस? मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, गोदामं किती आहेत? तिथले हमाल कुठून आले? त्याच गावांतून. कष्ट तेवढेच, उन्हात-पावसात जास्तच, पण बारा तास मागाचा आवाज नाही. पन्नास मागवाले आणि पन्नास गोदामवाले, वयाच्या जोड्या लावून. दोघांना तेच प्रश्न, दोघांचं तेच निरीक्षण.

मॅडमना हा मुद्दा लगेच पटला, आणि पटायलाच हवा होता. मुलांच्या किती प्रकल्पांत तुलनेचा गटच नसतो! ज्याचा त्रास शोधायचा त्यालाच विचारायचं, त्याने त्रास सांगायचा आणि निष्कर्ष तयार. पण मॅडमना गोदामांकडे जाणारा रस्ता सरांपेक्षा जास्त ठाऊक होता.

मॅडम: सर, एक अडचण आहे. मंदीत माग बंद पडले की कारागीर गोदामात जातात. आज पाठीवर पेटी घेणारा माणूस दहा वर्षं माग चालवून आलेला असू शकतो. तुमच्या ‘आवाज नसलेल्या’ गटात कान गेलेली माणसं बसतील आणि फरक दिसणार नाही. तुम्ही लिहाल, आवाजाचा परिणाम नाही.

सर: प्रश्नावलीत एक प्रश्न घालू. आधी माग चालवला होता का, हो की नाही.

मॅडम: ‘हो’ म्हणेल. पण किती वर्षं? मध्ये गावाला गेला ती वर्षं धरून की सोडून? सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावायला होता की मागावर? सायझिंगमध्ये उष्णता असते, पण मागासारखा खडखडाट नसतो. कांड्या भरायला होता तर तो आवाज वेगळा. भिवंडीआधी मालेगाव, सुरत केलं असेल तर? हे खुणेच्या चौकोनात मावत नाही. त्याच्याकडून सगळी हकिगत वर्षागणिक काढून घ्यावी लागते. लग्न कधी झालं, पोरगं कधी झालं, लॉकडाऊनमध्ये कुठे होता, या खुणांवर टांगत टांगत. म्हणजे मुलाखतच.

सर: बरं. म्हणजे मुलाखतीतून प्रत्येकाची आवाजातली वर्षं निघतील आणि ती वर्षं माझ्या तक्त्यात एक रकाना होतील.

मॅडम: हेच मला मुलांकडून करून घ्यायचं आहे.

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. मुलाखतीशिवाय तुलनेचा गट खोटा ठरतो आणि तुलनेशिवाय मुलाखती हवेत राहतात. दोन पद्धती एकमेकींच्या कामात अशा अडकल्या, तरच दोन घ्याव्यात. नसतील अडकत, तर सरांचं ऐकून एकच घ्यावी आणि ती नीट करावी.

सर: मीटरचं काय? मुलं मोबाइलवर ॲप टाकून मोजतील.

मॅडम: तसंच ठरवलं होतं.

सर: प्रत्येक मोबाइलचा माइक निराळा. मोठ्या आवाजाला काही फोन वरचा आवाज स्वतःच दाबतात. एक खरं साउंड लेव्हल मीटर कुठल्यातरी प्रयोगशाळेतून मागून आण, आठही फोन त्याच्या शेजारी त्याच खोलीत धर आणि कुठला किती चुकतो ते लिहून ठेव. आणि सरासरी काढताना मुलांना सांग, ९० आणि १००ची सरासरी ९५ होत नाही, ९७च्या वर जाते. डेसिबल बेरजेने चालत नाहीत.

मॅडम: आणि कानाची तपासणी? एखाद्या रुग्णालयातल्या कानाच्या डॉक्टरांना विनंती करून वीस-पंचवीस जणांची ऑडिओमेट्री करावी, असं वाटतं.

सर: करावीच. पण तपासणीआधी कानाला चौदा तास तरी शांतता हवी. पाळीहून सुटल्यावर काही तास कान बधिर असतो, ती तात्पुरती घट असते.

मॅडम: चौदा तास? बारा तासांची पाळी संपवून माणूस बारा तासांत परत हजर होतो. आणि झोपतो ती खोली मागाच्या माळ्यावर. शांतता त्याला मिळते ती फक्त आठवड्याच्या सुट्टीला, तेही शेजारचे माग बंद असतील तर.

सर: मग तपासणी सुट्टीच्या दिवशी, दुपारनंतर. आणि तो कुठे झोपतो, याची नोंद प्रत्येकाची हवी. हे माझ्या लक्षात आलं नसतं.

कापूस किंवा इअरप्लग कानात का घालत नाहीत, यावरही दोघं बराच वेळ बोलले असते. धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो. कान बंद केला तर ते उशिरा कळतं, कापडात खोट राहते आणि मजुरी कापली जाते. अज्ञानाने कान उघडा राहतो असं बाहेरच्याला वाटतं, पण त्या कानावरच मजुरी टिकलेली असते. हे ‘इअरप्लग वापरता का’ या प्रश्नातून कधीच बाहेर येणार नाही.

सर: आता तास मोज. आठ गुणिले साठ, ४८० तास. एक तासाची मुलाखत उतरवून काढायला चार-पाच तास लागतात, भोजपुरी किंवा तेलुगू असेल तर भाषांतराचे वेगळे. शंभर मुलाखती विसरून जा.

मॅडम: सविस्तर चोवीस, मागवाले बारा आणि गोदामवाले बारा. त्यात सुमारे दीडशे तास गेले. उरलेल्यांची फक्त वर्षांची पट्टी भरायची, माणशी पंधरा-वीस मिनिटं. गटचर्चा काढून टाकते. जुने कागदही काढते.

सर: कागद काढू नकोस इतक्यात. १९१७ साली हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला, तेव्हा जुन्या दप्तरांमुळेच त्यांना दाखवता आलं की १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली खातेदाराची जमीन ७ एकरांवर आली होती. जमीन नुसती आज मोजून ते दिसलं नसतं.

मॅडम: तिथे दप्तर होतं, सर. आमच्या कामगाराचं दप्तर त्याच्या डोक्यात आहे. जुने कागद नकोतच.

सर: बरं, काढ. पण कामाची वाटणी पद्धतीप्रमाणे करू नकोस.

मॅडम: नाही करणार. चार जोड्या. प्रत्येक जोडी मोजेलही आणि मुलाखतही घेईल. मीटर धरणाऱ्या मुलाने एकदा तरी कोणाची तरी वीस वर्षं ऐकली पाहिजेत, आणि ऐकणारीने एकदा तरी शंभराचा आकडा स्वतः वाचला पाहिजे. मुलींना संध्याकाळी पुरुषांच्या बिस्सीत पाठवणार नाही. त्या दुपारी जातील, स्वयंपाकघराच्या बाजूने. घरात बसून कांड्या भरणाऱ्या बायका आहेत, मागाच्या भिंतीला लागून राहणारी कुटुंबं आहेत. तिथे मुलांना कोणी आत घेणार नाही, मुलींना घेतील. दर आठवड्याला एक तास फक्त एकाच कामासाठी: कुठल्या दोन नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, ते फळ्यावर लिहायचं.

सर: तो तास आधीच वेळापत्रकात लिही, नाहीतर तोच पहिला जाईल. आता मला सांग, आत शिरणार कोणाच्या परवानगीने? मालकाने ओळख करून दिली की कामगार तुझ्या मुलांना मालकाची माणसं समजणार. न विचारता शिरलीस तर त्या कामगाराचीच रोजी जाईल.

मॅडम: मोजणी मालकाच्या परवानगीने, जे देतील त्यांच्याच कारखान्यात. मुलाखत कारखान्याच्या आत कधीच नाही. नाव लिहायचं नाही, कारखान्याचं नाव तर नाहीच.

सर: आणि मागावर बारा-तेरा वर्षांचा पोरगा दिसला तर?

मॅडम: ...

सर: हे आज ठरव. मुलं अठरा-एकोणीसची आहेत. त्या क्षणी त्यांना ठरवायला लावू नकोस.

मॅडम: मुलं तिथे कोणाशी वाद घालणार नाहीत. बाहेर येऊन मला सांगतील, त्याच दिवशी. १०९८ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन मी करेन. प्रकल्प बंद पडला तरी चालेल. हे गटाला आधी सांगेन, आणि परवानगी मागताना मालकालाही.

सर: काही दारं बंद होतील.

मॅडम: होऊ देत. किती बंद झाली ते अहवालात लिहू.

सर: सुरुवात मात्र मीटरनेच कर. आधी ऐकलंस तर मुलं आपल्याला हवं तेच मोजतील.

मॅडम: आधी मोजलं तर मुलं आकड्याला साजेसंच ऐकतील.

सर: मग पहिल्या दिवशी, काहीच करण्याआधी, आठही जणांनी एकेक कागद लिहावा. काय सापडेल असं वाटतं, किती फरक, कुठल्या वयात. सह्या करून माझ्याकडे दे. त्यानंतर बिस्सीत जा.

मॅडम: देते. आणि शेवटी एक पान हिंदी, उर्दू, तेलुगू आणि मराठीत, त्याच बिस्सीच्या भिंतीवर लावायचं.

सर: फरक दिसला नाही तरी लावायचं?

मॅडम: तरी लावायचं. आणि ज्या कारखान्यांत मोजलं त्यांच्या ऑफिसातही.

सर: मग परवानगीच्या पत्रात तेही वाक्य घाल, आणि पत्र पाठवण्याआधी मला दाखव.